आजीला नंबर मिळेना

प्रिय चिमे,

त्या सोमवारी तू फोन केलास, दोन-तीन वाक्यं बोललीस आणि ठेवूनही दिलास. मागे तुझं एक पोरगं रडत होतं आणि दुसरं बहुतेक पातेलं बडवत होतं. पुढे ऑफिसात काय रामायण झालं ते तुला सांगायचं राहूनच गेलंय. फोनवर सांगितलं असतं, पण तू ऐकून घेणाऱ्यांतली नाहीस. 'बरं बरं, चल' म्हणून मोकळी होतेस. पत्राला तसं करता येत नाही. आज सुट्टी आहे, जेवून सगळे आडवे झालेत, म्हणून बसलेय लिहायला.

आधी थोडं मागचं. तू इथं नोकरीला होतीस तेव्हा आपण मोजक्या दवाखान्यांचे नंबर लावून देत होतो. आता शहरातले बहुतेक दवाखाने आपल्याच वेबसाइटवर आहेत. सर्व्हर भराभर वाढले, पण त्यांच्यावर लक्ष ठेवायची आमची रीत जुनीच राहिली. म्हणजे काय, तर एखादा पेशंट फोन करून खडसावायचा, तेव्हा आम्हाला कळायचं की काहीतरी बंद पडलंय! शेवटी साहेब वैतागले. म्हणाले, लक्ष ठेवणारं एखादं धड साधन निवडा. दोन-तीन लावून बघा, तुलना करा, मग मला सांगा. काम पडलं माझ्या गळ्यात, जोडीला मास्तर. मास्तर म्हणजे तू गेल्यावर तुझ्या जागी आलेला मुलगा. कुणी साधी वेळ विचारली तरी हा फळ्यावर आकृती काढणार, म्हणून मास्तर.

पहिलं साधन विकतचं. लावायला इतकं सोपं की चहा होईपर्यंत चालूसुद्धा झालं. प्रोसेसर किती दमलाय, मेमरी किती भरलीय, कुठलं पान उघडायला किती वेळ लागतो, सगळं रंगीत आलेखांत. साहेब तर प्रेमातच पडले. भिंतीवर मोठा स्क्रीन लावून घेतला आणि येईल त्या पाहुण्याला त्याच्यापुढे उभं करायला लागले. पण हे साधन म्हणजे भारी बडबडी बाई! जरा कुठे खुट्ट झालं की सगळ्यांच्या मोबाईलवर इशारा. पहिल्या आठवड्यातच आम्ही एकेकानं तिचा आवाज बंद करून टाकला. त्यात चूक आमचीही होती म्हणा. कशाला महत्त्व द्यायचं आणि कशाला नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं साधन फुकटचं, पण सुटे भाग आणून सायकल जोडावी तसं जोडून घ्यावं लागणारं. आकडे गोळा करायला एक, साठवायला दुसरं, आलेख काढायला तिसरं. हे मास्तरचं लाडकं. त्यात हवं तेच मोजता येतं आणि सगळी माहिती आपल्याच घरात राहते. पेशंटचा मामला, त्यामुळे हे मला फार पटलं. पण ज्यानं जोडलं त्यालाच ते कळतं. मास्तर दाढ काढायला सुट्टीवर गेला आणि त्याच दिवशी आलेख थांबले. आम्ही सगळे नुसते स्क्रीनकडे बघत बसलो. साहेब म्हणाले, "लक्ष ठेवणाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार?" हसले, पण मला ते लागलं आणि मी विकतच्या बाजूला गेले.

ऑफिसात सरळ दोन तट पडले. मास्तर मला 'विकतवाल्या बाई' म्हणायला लागला, मी त्याला 'फुकटराव'. खरं सांगू, मजा येत होती. बऱ्याच दिवसांनी कामावर कुणीतरी हिरिरीनं भांडत होतं.

आणि मग तो सोमवार. आम्ही दोघं साहेबांपुढे तुलना मांडायला बसलो होतो. भिंतीवर दोन्ही साधनं शेजारी शेजारी, सगळं हिरवंगार. प्रोसेसर आरामात, मेमरी मोकळी. साहेब खूश. "बघा, सोमवार सकाळ असून किती शांतता," म्हणाले. तेवढ्यात तुझा फोन. इतक्या सकाळी तुझं नाव बघून म्हटलं, पोरांना काही झालं की काय. तर तू म्हणालीस, "ढमे, आजीला नंबर मिळत नाहीये. दुसरा मेसेजही आला नाही. बघ जरा."

खरं सांगते, क्षणभर मला वाटलं तुझ्या सासूबाईंना काही होतंय. कुठल्या डॉक्टरांना फोन करू, याचाच विचार करत होते. मग डोक्यात प्रकाश पडला. आपली आजी! तू लिहिलेला तो छोटासा प्रोग्राम. ऐंशी ओलांडलेली, गुडघे दुखणारी खोटी पेशंट. दर थोड्या वेळानं बाहेरून आपली साइट उघडायची, लॉगिन करायची, नंबर लावायची आणि लगेच रद्द करायची. जमलं नाही तर एक मेसेज, पुन्हा जमलं की दुसरा. मला वाटत होतं, तू गेलीस तेव्हाच ती बंद झाली.

मास्तरनं आपल्या मोबाईलवर साइट उघडली. चाक गरगरतंय ते गरगरतंयच. तुला आठवत असेल, डायलिसिसवाल्यांचे आठवड्याचे नंबर सोमवारी सकाळीच उघडतात. साहेबांचा चेहरा पडला. मास्तरनं फळ्याकडे न जाता थेट सर्व्हर गाठला आणि बघता बघता मूळ सापडलं. डेटाबेसकडे जाणाऱ्या जोडण्या ठरावीकच असतात. नव्या अहवालाच्या पानानं त्या एकेक करून घेतल्या आणि परत केल्याच नाहीत. बाकीचे सगळे रांगेत खोळंबलेले, म्हणून प्रोसेसरला काही कामच नव्हतं. ज्याला आम्ही शांतता म्हणत होतो, तो हात बांधून बसलेला सर्व्हर होता. ते पान बंद केलं, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि नंबर लागायला लागले. पेशंटचे फोन घेणाऱ्या आपल्या काउंटरवर फोनवर फोन येत होते, पण त्या दिवशी डायलिसिसचा एकही माणूस नंबराशिवाय राहिला नाही. काउंटरवरच्या बाईंनी स्वतः एकेकाला फोन करून खात्री केली.

आता तुझ्या आजीचं उगाच कौतुक करत नाही हं. नंबर मिळत नाही एवढंच तिला कळतं, का मिळत नाही ते नाही. नंतर बघितलं तर खोळंबलेल्या जोडण्यांचा आकडा विकतच्या साधनात एका कोपऱ्यात नोंदलेला होता, फक्त त्यावर इशारा कुणी लावला नव्हता. शिवाय काउंटरवरच्या बाईंनी आत्ता सांगितलं की मागे एकदा आजीचा नंबर रद्द व्हायचा राहिला आणि गुडघ्यांचे डॉक्टर बिचारे तिची वाट बघत बसले!

शेवटी असं ठरलं. आतून लक्ष ठेवायला मास्तरचं साधन, कारण पेशंटची माहिती घरातच राहते, आणि बाहेरून आजी, नव्यानं लिहिलेली. इशारा द्यायचा तो पेशंटचं काही अडलं तरच. भिंतीवरचा स्क्रीन गेला. साहेब दोन दिवस हळहळत होते.

मग मास्तर जुनी आजी राहते कुठे हे शोधायला निघाला. सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, धुळीनं माखलेल्या एका जुन्या मशीनवर ती चालू होती. मेसेज पाठवायला त्यात एकच मोबाईल नंबर नोंदलेला. तुझा. साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे ही बाई इतकी वर्षं बघतेय?" मला मागच्या वर्षीचं तुझं बोलणं आठवलं. "मला आता काही येत नाही गं, सगळं विसरले. भाजीची यादी करते तेवढंच." आणि इकडे कडेवर एक, पायाशी एक, अशी तू पहिला मेसेज वाचत होतीस आणि दुसरा येईपर्यंत जीव मुठीत धरून बसत होतीस. मला एक शब्द सांगितला असतास तर मी ते बंद केलं असतं. तू सांगितलं नाहीस. का, ते मी विचारत नाही.

साहेब म्हणाले, बाहेरच्या माणसाचा मोबाईल आपल्या कामात ठेवता येणार नाही, महिनाअखेर काढून टाका. बरोबरच आहे त्यांचं. मी विचारलं, "आणि ती बाहेरची नसली तर?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "विचारा तिला. अर्धा दिवस, घरून, जमेल तसं. पण हो तिनंच म्हणायला हवं, तुम्ही परस्पर ठरवू नका." म्हणून हे पत्र. कुणी उपकार करत नाहीये. मास्तरला सोबत लागणार आहे, आणि पेशंटला काय दिसतंय हे आधी विचारणारं माणूस आमच्यात नाही. नव्या गोष्टी महिन्याभरात शिकशील, मी बसेन शेजारी. नाही म्हणालीस तर मी स्वतः तुझा मोबाईल काढीन, आणि आपल्यात तसूभरही फरक पडणार नाही. पण मला तू परत हवी आहेस, चिमे. एवढं एक वाक्य लिहायला बघ किती पानं लागली.

तुझ्या 'हो'कडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
ढमी