चौघांच्या माना आणि माझं कव्हर

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (घातला असं समज. खाली वाकलो की माझा राग उतरतो आणि आज मला तो उतरवायचा नाही, म्हणून हे पत्रही उभ्यानेच लिहितोय.) तुझे गुडघे कसे आहेत? लेकीचं बाळ तुला झोपू देतं का? इकडे तुझे यजमान ठणठणीत आहेत आणि तीच माझी मुख्य तक्रार आहे.

निवृत्तीनंतर दाजींनी ड्रम धरला तेव्हा मी त्यांच्या बाजूने तुझ्याशी भांडलो होतो. कलेला वय नसतं वगैरे बरंच बोललो होतो. ते सगळं भाषण मी आज मागे घेतो. त्यांच्या बँडचा पहिला अल्बम येतोय, सोमवारी सकाळी कव्हर छापखान्यात गेलं पाहिजे आणि ते काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पडलंय कसलं, मीच मागून घेतलं! आजवर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यावर मालकाचं नाव हातभर आणि रंगवणाऱ्याचं कुठेच नाही. इथे आयुष्यात प्रथमच चित्राखाली माझं नाव छापून येणार होतं.

आता या बँडची रीत ऐक. चौघांनी माना डोलावल्या तरच गाणं सुरू. एकाची जरी मान हलली नाही तरी सगळे थांबतात. गाण्याला ते शोभतं. पण हाच कायदा चित्राला लावायचा? मी गायकाचा चेहरा काढला, डोळे मिटलेले, तोंड उघडं. दातांचे डॉक्टर (गिटार त्यांच्याकडे, तालीमही त्यांच्याच दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत) म्हणाले, "खालची दाढ किडलेली दिसतेय. माझ्याच दारात हे लावू?" तोंड मिटवलं. तर ज्याचा चेहरा तो चष्म्याचा दुकानदार म्हणतो, "मी गातोय की झोपलोय?" मग पहाटेचा रिकामा रस्ता काढला. कीबोर्डवाले भूमितीचे मास्तर पट्टी घेऊनच बसले होते. "सूर्य इकडे, मग खांबाची सावली कुणाच्या परवानगीने तिकडे?" आणि दाजी? दाजी प्रत्येक चित्राला तेच म्हणाले, "छानच आहे रे, पण ड्रम कुठाय?" ताई, मी विचारतो, पहाटे भर रस्त्यात ड्रम ठेवतं कोण? मी स्टुलावर चढून कलावंताच्या स्वातंत्र्यावर बोललो, जगभरच्या चित्रकारांचे दाखले दिले. त्यांनी तेवढ्या वेळात तारा जुळवून घेतल्या.

काल मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, यांची लाज यांच्याच पदरात घालायची. चौघांची सोंगं काढली. डॉक्टर पकडीने गिटारच्या तारा उपटताहेत, मास्तर पट्टीने कीबोर्डला छड्या मारताहेत, चष्मेवाला माइक समजून दिव्याच्या खांबासमोर गातोय आणि दाजी (माफ कर) स्वतःच ड्रम झालेत, पोटावर दोन काठ्या. चित्र टेबलावर आपटलं आणि हाताची घडी घालून भांडणाला उभा राहिलो. तर काय, चारही माना एकदम डोलल्या! प्रत्येकाला बाकीचे तिघे हुबेहूब वाटले. स्वतःकडे एकानेही पाहिलं नाही. दाजी तर डोळे पुसत म्हणाले, "डॉक्टर अगदी असेच रे! आणि बघ, ड्रमही आला शेवटी!"

निव्वळ रागाने काढलेलं, माझ्या हातचं सर्वांत हलकं चित्र. ते माझ्या नावानिशी छापलं जाणार. असा पाणउतारा मी आयुष्यात सोसलेला नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरं काम आता सांगतो. एक मान फिरली तरी चित्र रद्द होतं. तू दाजींना फोन कर आणि तो ड्रम कोण आहे ते स्पष्ट सांग. मग पहाटेचा रस्ताच छापायला जाईल, खांबाची सावली मी फिरवून देतो.

ता. क. २ फोन करू नकोस! आताच दाजी येऊन गेले. चौघांनी एकमताने ठरवलंय की, चित्रात मीही हवा. मी लगेच कोपऱ्यात स्वतःला काढलं: स्टुलावर ताठ उभा, हात वर, मुद्रा धीरगंभीर, जसा आहे तसा. चांगलं उतरलंय, नाव छापायला आता माझी हरकत नाही. फक्त ते बघून दाजी आजवर कधी नव्हे इतक्या मोठ्याने हसले आणि का, ते काही केल्या सांगत नाहीत. तू त्यांना विचारून मला कळव.