खिडकीसमोरची कॅम्परव्हॅन

२ मार्च
गाडी आली! पांढरीशुभ्र, उंच. आत दोन पलंग, गॅस, बेसिन, चिमुकला संडास. बरोब्बर घरासमोर मावली. अख्खी गल्ली गोळा झाली, दोघांनी फोटो काढले. बाबांसाठी घेतली, असं सगळ्यांना सांगितलं. बाबांनी जन्मभर बस चालवली, पण समुद्राकडचा रूट त्यांना कधी मिळाला नाही. येत्या रविवारी समुद्र. नक्की.

२ मार्च, संध्याकाळ
एक बारीकशी गोष्ट. बाबांच्या खोलीची खिडकी गाडीमागे गेली. रस्ता दिसायचा तिथे आता पत्रा दिसतो. मला जरा टोचलं. पण चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

९ मार्च
समुद्र रद्द. बेसिनचा पाइप गळतोय, आणि गाडी चालवायचा हातही अजून बसलेला नाही. बाबा नवा शर्ट घालून सकाळपासून तयार होते. मग त्यांनी तो पुन्हा घडी करून ठेवला. बघवलं नाही. गाडीत जाऊन बसलो. तिथे बरं वाटलं.

१७ मार्च
बाबा भर दुपारी दिवा लावून बसतात. ही म्हणाली, गाडी पुढे सरकव. पुढे दातवाल्या डॉक्टरचं दार, मागे कोपरा. मी म्हटलं, उन्हाळा येतोय, बाबांना सावली मिळेल. म्हणताना हिच्याकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे बघून म्हटलं.
आणखी एक. हल्ली ऑफिसातून आल्यावर चहा तयार नसतो. पूर्वी दारात चपला काढेपर्यंत कप समोर यायचा. हिचं घरात लक्ष राहिलेलं नाही. बोलायला हवं.

२६ मार्च
ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्याने त्याची कॅम्परव्हॅन विकायला काढली. गेल्या वर्षी जो तो हीच गाडी घेत होता. आता जाईल तिथे मनाईच्या पाट्या, समुद्रावर तर रात्री उभीच करू देत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक नाही म्हणे. लोकांत दम नाही, दुसरं काय! गर्दी कमी झाली तर आमचाच फायदा. त्याचं रडगाणं नको, फोन आला तर उचलायचा नाही.
समुद्र पुढच्या रविवारी. चहा आजही उशिरा. बोललो.

५ एप्रिल
गल्लीत पाटी लागली. उंच गाड्यांना मनाई, तक्रार आल्यास उचलून नेणार. तक्रार आल्यास! म्हणजे न आल्यास काही नाही. करणार कोण? दातवाला. गाडीमुळे त्याचा बोर्ड झाकला जातो. त्याच्याकडे दाढेची अपॉइंटमेंट होती, ती रद्द केली. दाढ तशी काही फार दुखत नाही.

७ एप्रिल
आनंदाची गोष्ट. बाबा गाडीत रस घेऊ लागले! सकाळी आपणहून गाडीची उंची विचारली. मग नंबर. मग पाटीवरचा मजकूर माझ्याकडून वाचून घेतला, दोनदा. मला भरून आलं. शेवटी ड्रायव्हरची जात. मनातलं ओझं निम्मं उतरलं.

८ एप्रिल
बाबांना पार्किंग ऑफिसशी बोलायचं होतं. खास परवानगी मागणार असतील, जुन्या ड्रायव्हरच्या शब्दाला वजन असतं. मीच नंबर लावून दिला आणि त्यांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून दार ओढून घेतलं. ही तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. का कोण जाणे.

९ एप्रिल
गाल सुजला. दातवाला रस्त्यात हसला. मी हसलो नाही. हसता येतही नव्हतं.

१० एप्रिल
गाडी नेली! मी ऑफिसात असताना. तडक दातवाल्याच्या दारात गेलो आणि गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं. सुजेमुळे निम्मं त्याला कळलंच नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आत या, दाढ बघू. मी बाणेदारपणे घरी आलो. दाढ ठणकते आहे.

११ एप्रिल
पार्किंग ऑफिस. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तक्रारदाराचं नाव सांगता येत नाही. मग स्वतःच कौतुकाने सुरू झाल्या. आजोबा फार गोड बोलले म्हणे. गाडी मुलाची आहे, मुलगा मनाने चांगला आहे, त्याला दंड कमी लावा. क्रेनचा पट्टा कुठे बांधायचा तेही समजावलं, आरसा मोडू नये म्हणून.
आपलेच दात, आपलेच ओठ.

११ एप्रिल, संध्याकाळ
बाबांना जाब विचारायचाच, असं ठरवून परतलो. कोपऱ्यावरून वळलो तर बाबा खिडकीत. मला बघताच त्यांनी हात वर केला, समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला करायचे तसा. मग आत वळून काहीतरी ओरडले. मी चपला काढतोय तोवर कप समोर.
मी विचारलं, त्या रस्त्यात एवढं बघण्यासारखं असतं तरी काय? बाबा म्हणाले, रस्ता काय बघायचाय, जन्मभर तोच तर बघितला. तू कोपऱ्यावर दिसलास की सूनबाईला चहा टाकायला सांगतो. मध्ये गाडी आली आणि तू आलेलं कळेनासंच झालं.
जाब विचारायचा राहिला. हिला इतके दिवस काय काय बोललो ते आठवत चहा प्यायलो. कप रिकामा व्हायला फार वेळ लागला, आणि त्याला दाढ कारण नव्हती.

१२ एप्रिल
दातवाल्याची माफी मागितली. त्याने दाढ काढली आणि राग अजिबात धरला नाही, तेच जास्त लागलं. हिचीही माफी मागितली. ती म्हणाली, बघू. गाडी विकायला काढली. अकाउंट्सवाला माझा फोन उचलत नाही.
उद्या रविवार. समुद्राला जायचं, साध्या बसने. तिकिटं काढून आणली, बाबांना खिडकीची जागा. त्यांना दाखवली. बाबा बरं म्हणाले आणि खिडकीत जाऊन बसले. नवा शर्ट काही त्यांनी उद्यासाठी कपाटातून बाहेर काढला नाही.