पैंजणांच्या वेबसाइटवरचा मानपान

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१९ जून २००५

प्रिय विद्याश्री आक्का,

तुझा चुलतभाऊ मल्लेश याचे शरणु शरणार्थ. इकडे सर्वांच्या तब्येती बऱ्या आहेत. दोड्डप्पांचा, म्हणजे तुझ्या अप्पांचा, गुडघा आणि दोड्डव्वाची, म्हणजे तुझ्या आईची, साखर जिथे होती तिथेच आहे. तुझी आणि दाजींची प्रकृती ठीक असावी. पुण्याचं पाणी बाधत नाही ना, असं दोड्डव्वा विचारते (भिंतीकडे बघून विचारते, नाव कोणाचंच घेत नाही). हे ईमेलनं कळवता आलं असतं, पण ईमेल मला गल्लीतल्या धैर्यशीलच्या सायबर कॅफेतूनच लिहावा लागतो आणि धैर्यशील मागे उभा राहून तो मोठ्यानं वाचतो.

आक्का, दुकानाची वेबसाइट सर्च इंजिनमधून गेली. म्हणजे साइट आहे, पण शोधली तर सापडत नाही. दुकानाचं पूर्ण नाव घातलं तरी हुपरीचे इतर सगळे चांदीवाले दिसतात, आपण दिसत नाही. दोष माझा एकट्याचा आहे. तू फोनवर जे जे करू नको म्हणून सांगितलंस ते ते मी केलं, आणि वाईट याचं वाटतं की दर वेळी माझ्याकडे चांगलं कारण होतं.

मजकूर अक्षरांत टाईप कर, चित्रात घालू नको, सर्च इंजिनला चित्र वाचता येत नाही, असं तू म्हणाली होतीस. पण मराठी अक्षरं दुसऱ्या कॉम्प्युटरवर चौकोन चौकोन होऊन बसायची. बारावीत दोनदा राहिलो असलो तरी माझ्या हातचं अशुद्ध लिखाण जगासमोर जावं हे मला सोसवेना. म्हणून सगळं पान छापखान्यात जुळवून घेतलं, शब्दकोश घेऊन तपासलं आणि त्याचं चित्र करून चढवलं. त्यात एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. सर्च इंजिनने मात्र त्यातलं एक अक्षरही वाचलेलं नाही.

त्याची भरपाई म्हणून मी पानाच्या तळाला इंग्रजी अक्षरांत ‘हुपरी चांदी पैंजण’ हेच शब्द ओळीमागून ओळ घातले. दोड्डप्पांनी बघितलं आणि विचारलं, “हे काय लिवलाईस, जप?” गिऱ्हाईक यावं म्हणून, असं मी सांगितलं. “दारात हुभं ऱ्हाऊन एकच शब्द वरडणाऱ्याच्या दुकानात तू जाशील व्हय?” (तूही फोनवर नेमकं हेच बोलली होतीस. तुझे शब्द जरा मऊ होते, एवढाच फरक.)

पुढचं ऐक. लोक सगळ्यात जास्त काय शोधतात, असं मी धैर्यशीलला विचारलं. त्यानं सांगितलं, निकाल आणि रेल्वेचं टाइमटेबल. मग तेही शब्द घातले. परीक्षांचे निकाल लागायला लागले तशी दुकानाच्या फोनवर पोरांची रीघ लागली. मी हुपरीच्या कारखान्यात असायचो, फोन दोड्डव्वा घ्यायची. तिनं आठवडाभर नंबर विचारून विचारून सगळ्यांना पास केलं. मी हात जोडले तर म्हणाली, “लेकरं घाबरलेली असत्यात रे. नापास झालाईस म्हणून मी कशाला सांगू?” शेवटी इचलकरंजीहून एका मुलाची आई दुकानात आली. पोरानं गल्लीत पेढे वाटून झाल्यावर खरा निकाल कळला होता, नापास. त्या बाईंना मी चहा दिला आणि जोडव्यांवर सूट दिली. दुसरं काय देणार?

पण साइट गेली ती बहुतेक मानपानानं. पानावर पाहुण्यांची नावं पाहिजेत असं दोड्डप्पांनी ठरवलं. लग्नपत्रिका काढल्यासारखी त्यांनी एकेक नाव सांगितलं, आणि प्रत्येक नावाखाली त्याच्या धंद्याची लिंक: मोटार रिवाइंडिंग, पेंड, ट्रॅक्टरचे पार्ट, मंडप. ज्यांची साइट नव्हती त्यांना मी एकेक पान करून दिलं, आणि त्या पानांवरून परत आपल्याकडे लिंक घेतली. संबंध नसलेल्यांच्या लिंक गोळा करू नको, असं तू बजावलं होतंस. पण आक्का, संबंध नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू, सगळे सोयरेच आहेत. मंडपवाले बाळासो रुसले, कारण ते पेंडवाल्यांच्या खाली आले. त्यांचं नाव मग दोन ठिकाणी घेतलं. पैंजण या सगळ्याच्या खाली गेले.

त्या यादीत तुझं नाव नव्हतं. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून तू गेल्यापासून दोड्डप्पा तुझं नाव घेत नाहीत, ते यादीत कुठून सांगणार? आणि साइट तर अथपासून इतिपर्यंत तू शिकवलेली. मला जेवण जाईना. म्हणून सगळ्यात शेवटी मी इंग्रजी अक्षरांत ‘विद्याश्री’ लिहिलं आणि त्याला पांढरा रंग दिला. पान पांढरं, नाव पांढरं. दोड्डप्पांना दिसणार नाही आणि माझ्या मनाला लागणार नाही, असा हिशेब. पानाच्या रंगात अक्षरं लपवणं ही सगळ्यात वाईट लबाडी धरतात, हेही तूच सांगितलं होतंस.

गेल्या सोमवारी बेळगावचे एक व्यापारी पावणे आले. मोठी ऑर्डर द्यायच्या बोलीवर होते. दोड्डप्पा त्यांना साइट दाखवायला कॅफेत घेऊन गेले, मीही बरोबर होतो. फोन नंबर उतरवून द्यायला धैर्यशीलनं माउस खाली ओढला, तर सगळा मजकूर निवडला जाऊन पान निळं झालं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत तू उमटलीस. धैर्यशील मोठ्यानं म्हणाला, “मल्ल्या, हितं आनि एक नाव हाय की. विद्याश्री. ह्ये पांढऱ्यात का दडवलाईस?” पावण्यांनी विचारलं, ही कोण? मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. त्यानंतर दोड्डप्पा माझ्याशी बोललेले नाहीत. पावणे, कळवतो, म्हणून गेले. तुला लपवलं याची लाज वाटते, आणि लपवलेली सापडलीस याचीही.

सर्च इंजिनवाल्यांकडे पुन्हा घ्या म्हणून अर्ज करता येतो. काय काय केलं ते स्वतः इंग्रजीत लिहायचं, आणि पुन्हा करणार नाही म्हणायचं. वरचं सगळं तू इंग्रजीत करून पाठवावंस (पेढ्यांचं घालायचं की नाही ते तू ठरव).

तुझा अपराधी भाऊ,
मल्लेश

ता. क. पावण्यांना दोड्डप्पांनी काय उत्तर दिलं ते वर लिहायचं धाडस झालं नाही. ते म्हणाले, “थोरली लेक. पुण्याला असती. कॉम्प्युटरातली हाय.” मग म्हणाले, चला, च्या घेऊ.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दोड्डप्पा आले, त्यामुळे वरची इंग्रजी माफी तूर्त राहू दे. “ते नाव दिसंल असं घाल,” म्हणाले, “बाळासोच्या वर.” मी सांगितलं की पाहुण्यांची ही यादी काढून टाकल्याशिवाय साइट सापडणार नाही. “न्हाय घावली तर न्हाय घावली.” आता अडचण एवढीच आहे की आडनाव आपलं घालायचं की दाजींचं, आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग तू कसं करतेस? मी दोड्डप्पांनाच विचारलं. ते चप्पल घालत म्हणाले, “तिलाच इचार. लिवलाईसच न्हवं तिला.”