विसरण्यावर तीन ॲप

३ डिसेंबर, बुधवार
अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढली. घटकाभरानं परत पातेलं घेऊन उठले. मदतनीस शांताबाई म्हणाली, "ताई, आत्ताच की खाल्ली लेकरांनी." ती हसली, मी बी हसले. पातेलं झाकून परत ठेवलं.

घरी येऊन कोमलला म्हटलं, तुझ्या कॉलेजच्या पोरी फोनवर नोंदी ठेवतात तसलं काहीतरी मला टाकून दे. "कशाला मम्मी?" परीक्षेसाठी, म्हटलं. खोटं न्हाय ते. पर्यवेक्षिकेची परीक्षा जानेवारीत, आणि त्यानंतरच्या खेपेला माझं वय बसत न्हाय.

पण खरं कारण आई. उमरग्याला भावाकडं असते. मला बघून आता विचारते, "तुम्ही कुणाकडच्या?" तिचं सुरू झालं तेव्हा तिनं एकाच लग्नाचा आहेर दोनदा केला होता. सगळे हसले होते तेव्हा.

७ डिसेंबर, रविवार
फोनमध्ये तीन ॲप आली. नावं इंग्रजी, तोंडात बसत न्हाईत. म्हणून रंगावरून.

पिवळं: दारावर चिठ्ठ्या चिकटवल्यासारखं. झटपट. वेळेला घंटी वाजवतं. नुसतं बोललं तरी चालतं, आवाज ठेवून घेतं. पण चिठ्ठ्या वाढल्या की नुसता पसारा.

जांभळं: वहीसारखं. लसीकरण एका भागात, आहार एका, कायदे एका. अभ्यासाला हेच बरं. फोन मात्र अडकतो, मग बस वाट बघत.

पांढरं: कोमलचं लाडकं. तक्ते, तक्त्यात चौकोन, चौकोनात परत तक्ता. "मम्मी, आधी सगळं नीट लावून घे, मग बघ अभ्यास कसा पळतो." दुपार लावण्यातच गेली. अभ्यास पळाला खरा, कुठं गेला दिसेना.

ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "भिंतीला कॅलेंडर हाय की." ह्यांना काय सांगू.

११ डिसेंबर
सगळा अभ्यास जांभळ्यात हलवला. पिवळ्यात रोजचं: गॅस, दूध, मीटिंग, कुणाला काय कबूल केलं. ठरवलंय, कुणाशी काही ठरलं की तिथल्या तिथं फोनमध्ये बोलून ठेवायचं.

संध्याकाळी कोमलनं लसीकरण विचारलं. गोवराची पहिली कधी? नऊ महिने पूर्ण झाल्यावर. सगळं धडाधड आलं. जीव भांड्यात पडला. उगीच घाबरते मी. कामाचा ताण, झोप न्हाय, दुसरं काय.

मग भाकरी थापताना आठवलं, आईला बी जुनं सगळं येतं. माहेरच्या म्हशींची नावं सुद्धा सांगते. सकाळी जेवली का तेवढं येत न्हाय.

१५ डिसेंबर, सोमवार
लोहाऱ्याला मीटिंग. दिवसभर तेच. दमले. अभ्यास न्हाय.

१७ डिसेंबर
येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, परवावर आली. रानातच पूजा, रानातच जेवण. तयारी पांढऱ्यात लिहिली. झालं की टिक करायची, लई बरं वाटतं. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, चिंच, बाजरीचं पीठ, आंबिलीला ताक. कोण कोण येणार ते बी लिहिलं. नणंद, जाऊ, त्यांची पोरं. एवढेच.

१९ डिसेंबर, येळवस
आमच्या माकणी गावात कुत्रं सुद्धा नव्हतं, सगळे रानात. आमचं रान धरणाच्या अंगाला, तिथं रेंजच न्हाय. पांढरं उघडेना. नेट मागतंय. सगळी यादी त्याच्या पोटात.

मग केलं डोक्यानंच. कडब्याची कोप उभी करून तिच्यात पूजा, शेंगा-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील. एक वस्तू विसरली न्हाय. लई दिवसांनी खुशीत होते.

जेवणं सुरू झाली आणि बांधावर जीप थांबली. आमच्या पर्यवेक्षिका मॅडम. सोबत त्यांचे साहेब, सासूबाई. "आलो बघा. तुम्ही एवढ्या आग्रहानं बोलावलं." हे माझ्याकडं बघायला लागले. म्या कधी बोलावलं? म्हटलं, "या की मॅडम, तुमचीच वाट बघत होतो."

येळवसीला भज्जी पातेलंभर असते. वाटसरू बी जेवून जातो. म्हणून कुणाला काही कळलं न्हाय. दुसरा कुठला सण असता तर ताटं कमी पडली असती आणि उघडी पडले असते. मॅडमच्या सासूबाईंनी आंबील दोनदा मागून घेतली. मी नुसती वाढत राहिले.

मॅडम आपणहूनच आल्या असतील. येळवसीला येतात लोक. बोलावलं असं म्हणायची रीत असते. असंच असेल.

२० डिसेंबर
पिवळं उघडलं. भीत भीत. चिठ्ठ्यांच्या पसाऱ्यात सोमवारची एक होती, आवाजाची.

"मॅडमला येळवसीला बोलावलं. सासूबाईंना बी आणा म्हटलं. व्हय म्हणाल्या."

आवाज माझा. मागं कंडक्टर धाराशिव, धाराशिव ओरडतोय. म्हणजे लोहारा स्टँड. कितीदा तरी ऐकलं. स्टँड आठवतो. हिरवी साडी नेसले होते ते आठवतं. मॅडमशी बोललेलं, फोन तोंडाजवळ धरलेला, काही म्हणजे काही न्हाय. दुसऱ्याच बाईचं ऐकतेय असं वाटलं.

तिन्हींत पिवळंच चांगलं निघालं. त्याच्यात काही खोट न्हाय. फोन भिंतीवर आपटावा वाटला.

२३ डिसेंबर, मंगळवार
अभ्यास उघडते आणि तीच ओळ वाचत बसते. परीक्षेला नाव गेलंय. मॅडमच्या कानावर गेलं तर? आणि पास होऊन दहा गावं हाती आली, आणि तिथं असं झालं तर? लेकरांच्या लसींचं काम आहे ते.

ह्यांना सांगायची छाती होईना. शेवटी आज धीर केला आणि कोमलला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. खिचडी, येळवस, तो आवाज. आजीसारखं व्हायला लागलंय का मला, विचारलं. म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग डॉक्टरकडं जाऊ, तोवर पप्पांना बोलू नको.

ती वाळलेले कपडे काढत होती ते तसेच हातात. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"मम्मी," म्हणाली, "काल रात्री बी तू हेच सगळं सांगितलंस. आपण दोघी रडलो. मी सकाळी पप्पांना सांगितलं."

धाराशिवच्या डॉक्टरकडं शनिवारचा नंबर लावलाय म्हणे. हे बी येणार आहेत.