सोमवार सकाळचं बी.पी.

५ फेब्रुवारी, बुधवार
शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी बी.पी. घेतलं. १६८/१०४. यंत्र बिघडलेलं असणार. बाई म्हणाल्या, "काका, हा प्रेसच्या आवाजाचा परिणाम. कान सरावतो, हृदय सरावत नाही. प्रत्येक दणक्याला त्याला वाटतं, कुणीतरी अंगावर आलं." बाईंचं वय सव्वीस. मी सव्वीस वर्षं नुसता पत्रा ठोकतोय.
सोमवारी फेरतपासणी. नापास झालो तर स्टोअरला बदली. स्टोअर! तिथे माणसं नट-बोल्ट मोजतात आणि कुजबुजतात.
संकल्प: शांत राहणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
दिवसभर शांत. जेवताना सौ.ना एवढंच म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. तर म्हणे, "अहो, मी इथेच बसलेय. पलीकडच्या बिल्डिंगला का सांगताय?" ताट जरासं सरकवलं. भिंतीपर्यंत गेलं.
संकल्प उद्यापासून.
छातीत फडफड. गॅस. सौ. विचारतात, गॅस काय रोज शिफ्टची वेळ बघून येतो? बायकांना सायन्स कळत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
डोकं चालवलं. शुक्रवारपासून रजा टाकली, तीन दिवस पडून राहिलो आणि आज शिफ्टच्या आधीच तपासणीला हजर. १३२/८४! बाई म्हणाल्या, "काका, ही सुट्टीतली तब्येत. कामावरची दाखवा." सही मात्र करावी लागली. तपासणी किती वाजता करायची हे नियमात लिहिलेलंच नाही. नियम मी वाचतो.
दुपारी पुन्हा गॅस.

१७ फेब्रुवारी, सोमवार
माझ्या मागच्या प्रेसवर आबा असतात. त्यांचं गेल्या आठवड्यात १८०च्या वर निघालं. गडी घाबरला, स्टोअरला जायला तयार! म्हटलं, "आबा, लाज आणू नका डिपार्टमेंटला." रजेची युक्ती सांगितली. आज तेही फिट. खूश होऊन चहा पाजला. दुसऱ्याचं भलं केलं की बरं वाटतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी दोनला आबा प्रेसवरच कोसळले. माझ्यापासून चार हातांवर. मला हाक मारली म्हणतात. दोनदा. मी कामात होतो. सुपरवायझरने खांदा धरून वळवलं तेव्हा पाहिलं.
हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आबांकडे जाऊन आलो. वहिनींच्या हातात तो फिटनेसचा कागद. "भावजी, दहा दिवसांपूर्वी यांना फिट म्हणाले. मग असं कसं झालं?"
म्हटलं, हल्ली डॉक्टरांचा काही भरवसा राहिलेला नाही.
त्यांना पटलं. म्हणजे, त्यांनी मान हलवली.

४ मार्च, मंगळवार
साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. स्टोअर मागितलं. इतक्या हळू बोललो की दोनदा सांगावं लागलं. रजेचं, सोमवारचंही सांगितलं. आबांचं सांगायचं होतं, राहून गेलं.
साहेबांनी फाइल उघडून माझाच कागद माझ्याकडे फिरवला. "तुम्ही तर फिट आहात." स्टोअरची जागा पेंटशॉपवाल्याला गेली. तो संध्याकाळी तपासणीला गेला होता, शिफ्ट करून. मूर्ख.
नवा माणूस मिळेपर्यंत आबांच्या प्रेसचं कामही ओव्हरटाइममध्ये मीच काढायचं. उद्यापासून. एवढा फिट माणूस डिपार्टमेंटमध्ये दुसरा नाही, म्हणाले.
केबिनबाहेर येऊन चारचौघांसमोर म्हणाले. कौतुकच म्हणायचं.