एकदम चार प्रती

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून आधी हार्ड डिस्क म्हणजे काय ते सांगतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा. वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा. त्यात माणसांची लग्नं मावतात, बारशी मावतात. मरणंही मावतात. आज सकाळी पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या पाचव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसून मी असा एक डबा चार डब्यांत एकाच वेळी ओतत होतो. समोर कमिटीचे चौघे पोहे खातायत आणि स्क्रीनवर चार हिरव्या पट्ट्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत. "सर, चारही एकदमच लावा," चेअरमन म्हणाले. "पुढंमागं नको." पहिली प्रत ज्याच्या हाती पडेल तो उरलेल्या तिघांना अडकवेल, अशी चौघांचीही एकमेकांबद्दल खात्री आहे. एवढं एकमत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरूनही झालं नव्हतं.

डब्यात आहे ते याच मजल्यावरच्या कॅमेऱ्यानं गेल्या आठवड्यात टिपलेलं. मीटिंग संपवून आम्ही बाहेर आलो. लिफ्टवरचा आकडा पाच दाखवत होता, दार मात्र उघडेना. चेअरमननी खिशातून लिफ्टचं दार बाहेरून उघडायची चावी काढून वॉचमनमामांच्या हातात ठेवली आणि दाराकडे बोट केलं. मामांनी दार उघडून पाय आत टाकला. आत लिफ्ट नव्हती. पोलिसांना कमिटीनं सांगितलं, कॅमेरा बंद होता, माणूस प्यायलेला होता, चावी त्यानं ऑफिसातून उचलली. चित्रात ते चौघे स्पष्ट दिसतात, आणि कोथिंबिरीची पिशवी धरून उभा असलेला मीही दिसतो. उद्या एखादा उलटला तर बाकीच्यांकडे त्याचा चेहरा हवा, म्हणून ही वाटणी. मूळ डबा नंतर सर्वांदेखत पुसायचा ठरलंय, आणि पुसणारा मीच, कारण सोसायटीत कॉम्प्युटरमधलं मला कळतं.

पट्ट्या सरकत होत्या आणि मला तुमच्या कारखान्यातलं, पत्रा दाबायच्या मशीनींचं प्रेस शॉप आठवत होतं. शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं गेली तेव्हाचं. मशीनची जाळी सुपरवायझरनं काढायला लावली होती, पण बोटं गेलेल्या माणसानंच ती काढली असं कागदावर आलं, आणि कँटीनमध्ये एका रांगेत उभं करून तुम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्या दिवाळीला कंपनीनं कुकर दिला. दापोडीच्या त्या खोलीत पहिली शिट्टी झाली त्या रात्री जेवताना मी, नुकताच कॉलेजात गेलेला दीडशहाणा, म्हणालो, "बोटं त्याची आणि कुकर आपल्याला, हा हिशोब छान आहे." आई चुलीशेजारून म्हणाली, "डाळीला काय कळतंय कुणाचा कुकर ते." तुम्ही ताटावरून मान वर केली नाही. "जेव," एवढंच म्हणालात. मी जेवलो. वरण चांगलं झालं होतं, हे तेव्हा कबूल केलं नव्हतं.

चार पट्ट्या भरल्या. सेक्रेटरींनी आपली डिस्क रुमालात गुंडाळली, जशी काही अंगाऱ्याची पुडी. मग चेअरमननी बॅगेतून पाचवी काढली, नवी, अजून प्लॅस्टिकमध्ये. "ही तुमची, सर. तुम्हीही आहात ना त्यात. तुम्हाला वगळून कसं चालेल?" आवाजात अगदी हळदीकुंकवाचा आग्रह. मी ती जोडली. भरली. मूळ डबा पुसला. कुणीतरी म्हणालं, "चहा सांगा राव आता."

खाली पार्किंगमध्ये मामांची बायको सामान बांधत होती. खोली रिकामी करायचीय. उद्या सकाळी ती गावी, जालन्याकडे. मला बघून उठली. "दादा, ते पीत नव्हते ओ. गावात सासरा तोंड लपवून बसलाय, पोरगं पिऊन मेलं म्हणून. त्या कॅमेऱ्यात काही दिसतंय का?"

"कॅमेरा बंद होता, वहिनी."

"मग तुम्ही सांगा. तुम्ही होता ना तिथं?"

शर्टाच्या खिशात डिस्क होती, अजून गरम. मी म्हणालो, सगळं इतकं पटकन झालं की. वाक्य पुरं करायची गरज पडली नाही; ती पुन्हा गाठोड्याकडे वळली होती.

आता संध्याकाळ आहे, डिस्क टेबलावर आहे, खाली तिच्या खोलीत दिवा आहे. जिने उतरायला कितीसा वेळ लागतो. तुम्हाला हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आमच्या कॅमेऱ्याला आवाज नाही, अण्णा. मामा चावी हातात घेऊन थांबले होते, लिफ्टवाल्याला येऊ द्या म्हणत होते. तेव्हा मी म्हणालो, "मामा, दारच उघडायचंय, बोहल्यावर नाही चढायचंय." सगळे हसले. मामाही हसले, आणि पुढे झाले. चित्रात माझे फक्त ओठ हलतात. प्रती तपासताना मी आवाज पूर्ण वाढवून पाहिला. पाचही डिस्कांवर.