‘हो साहेब’ म्हणजे कबुली नव्हे

प्रिय मॅडम,

शुक्रवारी वर्गात एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही गुन्हेशास्त्रच का घेतलंत?" मला कुणी मॅडम म्हणतं याची अजून सवय झालेली नाही. क्षणभर मी दाराकडे पाहिलं, तुम्ही आलात की काय! मग "आवड होती," असं काहीतरी पुटपुटले आणि फळ्याकडे वळले.

ते उत्तर खोटं नव्हतं, पण खरं उत्तर बरंच मोठं आहे. आज रविवार म्हणून गंजाडला घरी आलेय. आई अंगणात पेंढा रचतेय, मी ओटीवर बसलेय. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं. तरी म्हटलं, ते उत्तर आधी तुम्हालाच लिहावं.

आठवतं का तुम्हाला, चौदा साली मी पीएच.डी.च्या मुलाखतीला आले होते? विषय आणला होता सायबर गुन्हे. का? तर सगळे म्हणत होते की पुढे त्यातच नोकऱ्या आहेत. आमच्या पाड्यावर तेव्हा मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त विहिरीजवळच्या उंचवट्यावर, आणि मी निघाले होते सायबर गुन्ह्यांवर संशोधन करायला! तुम्ही माझा कागद वाचला, उलटा ठेवला आणि विचारलंत, "तुमच्या घरातलं कुणी कधी कोर्टात गेलंय?"

मला वाटलं, झालं, आता प्रवेश मिळत नाही. पण खोटं बोलवेना. मी लक्ष्यामामाची गोष्ट सांगितली. माझ्या आईचा भाऊ, वाणगावजवळ राहणारा. तलासरीच्या हायवेवर त्याच्या डोळ्यांदेखत एका ट्रकने सायकलवाल्याला उडवलं होतं. तेव्हापासून त्याला कोर्टाचे कागद यायचे. कागद आला की मामी रडायची, त्याचे कपडे पिशवीत भरायची, आणि मामा सगळ्यांच्या पाया पडून घरातून निघायचा. संध्याकाळी परत आला की घरात सण! अशी किती वर्षं गेली. मी एम.ए.ला आले तेव्हा तो कागद पहिल्यांदा नीट वाचला आणि ओरडलेच, "मामा, तू आरोपी नाहीस, साक्षीदार आहेस!"

"म्हणजे मी सुटलो?" मामाने विचारलं.

"अरे, तू अडकलाच नव्हतास!"

मुलाखतीला बसलेले बाकीचे सर हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "हा तुझा विषय. आपल्याच खटल्यातलं माणसाला काय कळतं? जा, हे लिहून आण. आणि सायबरबियबर विसर."

मॅडम, माझं उभं आयुष्य त्या दिवशी वळलं, आणि तुम्ही मात्र लगेच पुढच्या उमेदवाराला हाक मारलीत!

तुमचा राग यायचा, हेही लिहूनच टाकते. माझ्या पहिल्या प्रकरणावर तुम्ही लाल पेनाने असा धुमाकूळ घातला होतात की मी वसतिगृहात जाऊन उशीत तोंड खुपसून रडले होते. 'वंचित, पीडित घटक' असं मी जिथे जिथे लिहिलं होतं, तिथे तिथे समासात तुमचा एकच प्रश्न: "हे कोण? यांना नाव नाही?" मी म्हटलं, "मॅडम, खरी नावं द्यायची नसतात ना?" तुम्ही म्हणालात, "मग बदलून दे. पण नाव दे. घटकाला भूक लागत नाही, सविता. माणसाला लागते."

मग तुम्ही आमच्या घरी आलात. क्षेत्रकार्य बघायला गाईड स्वतः पाड्यावर येते, हे विभागात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. आईने नागलीची भाकरी आणि सुकट केली होती, आणि तुम्हाला हे चालेल की नाही म्हणून ती चुलीपाशीच अंग चोरून बसली होती. तुम्ही दुसरी भाकरी मागून घेतलीत, तेव्हा कुठे ती बाहेर आली. आल्या आल्या तिने विचारलं, "बाई, हिला नोकरी लागंल ना?"

दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, लागेल हो, काळजी करू नका. तुम्ही घास खाली ठेवलात. "माहीत नाही," म्हणालात. "या विषयात जागा फार निघत नाहीत. हुशार आहे, कष्ट करते. पण मी शब्द देऊ शकत नाही."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तुम्ही गेल्यावर आई काय म्हणाली सांगू? "ही बाई खोटा नाय बोलली. हिच्याजवळच शिक." तेव्हापासून माझ्या शिक्षणावर आईने कधी प्रश्न काढला नाही.

आणि आता जानी. त्या दिवसाबद्दल आपण नंतर फारसं बोललोच नाही ना? तुम्हाला आपलं कौतुक झालेलं आवडायचं नाही. आज मात्र ऐकूनच घ्या.

जानी तलासरीकडच्या एका पाड्यावरची. नवरा वारलेला. शेताच्या बांधावरून दिराशी भांडण झालं, तो विळा घेऊन अंगावर आला, तिने विळा ओढला आणि त्याच ओढाताणीत त्याचा तळवा कापला गेला. त्याने फिर्याद दिली आणि जानी झाली आरोपी. आपण तिच्या घरी जाऊन हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलं होतं. मग एका तारखेला आपण दोघी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. जाताना जीपमध्ये तुम्ही मला बजावलं होतंत, "बघायचं, ऐकायचं, लिहायचं. मध्ये पडायचं नाही. आपण पाहुण्या आहोत."

तिचं नाव पुकारलं गेलं. तिचे वकील अजून पोचले नव्हते. साहेबांनी आरोप वाचून दाखवला. वाईट माणूस नव्हता तो. आवाजात चीड नव्हती, सावकाश वाचत होता. पण मराठी होती कोर्टाची. जानी हात जोडून उभी.

"आरोप समजला का?"

"हो साहेब."

"गुन्हा कबूल आहे?"

"हो साहेब."

माझं पेन थांबलं. मॅडम, आमच्याकडे मोठ्या माणसाने काही सांगितलं की आधी 'हो' म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की कानावर आलं. पटलं का, झालं का, ते पुढचं. जानीने कबुली दिलीच नव्हती. ती फक्त अदबीने ऐकत होती! आणि समोर कारकून कबुली लिहायच्या बेतात होता.

मी तुमच्या कानाशी लागले. "मॅडम, तिला कळलेलं नाहीये. ती नुसतं हो म्हणतेय."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला कळत होतं की बोललो तर ही नोंद आपल्याला वापरता येणार नाही. वर्षभराच्या कामातलं सर्वांत मोलाचं प्रकरण हातचं जाणार. तुमचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. मग तुम्ही म्हणालात, "मग बसलीयेस काय? ऊठ!"

मी उठले. "साहेब, माफ करा. तिला समजलेलं नाही."

सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. साहेबांनी चष्मा काढला. "आपण वकील आहात?"

"नाही साहेब. विद्यार्थिनी आहे. पण तिची बोली माझ्या घरची आहे."

"इथे असं मध्येच बोलता येत नाही, माहीत आहे ना?"

तेवढ्यात शेजारी बाक करकरल्याचा आवाज आला. तुम्ही उभ्या राहिला होतात. एक अक्षर बोलला नाहीत. नुसत्या माझ्याशेजारी उभ्या, ताठ, पदर खांद्यावरून घेऊन.

साहेबांनी आपल्या दोघींकडे पाहिलं, जानीकडे पाहिलं, आणि कारकुनाला थांबायला सांगितलं. वकील आल्यावर त्यांच्यासमोर मला बोलावलं आणि आरोप तिच्या बोलीत सांगायला लावला. मी सांगत गेले तशी जानीची मान जोरजोरात हलायला लागली. "नाय! नाय! मी नाय मारला! त्याच्या हातातनं ओढला!" असं ओरडून ती रडायलाच लागली. इतक्या तारखा होऊनही आपल्यावर नेमका काय आळ आहे, ते तिला त्या क्षणी कळलं.

साहेबांनी लिहायला सांगितलं: गुन्हा नाकबूल.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर तुम्ही दोन चहा सांगितलेत. मी विचारलं, "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, मध्ये पडायचं नाही?" तुम्ही कप बशीत ठेवलात. "मी उभी राहीन हे मलाही माहीत नव्हतं गं," म्हणालात आणि एकदम हसत सुटलात. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढे संशोधन समितीपुढे मात्र कुणी हसलं नाही. "संशोधकाने घटनाच बदलली, तर अभ्यास कशाचा?" असा प्रश्न आला. प्रश्न बरोबरच होता, नाही का? तुम्हीही तो नाकारला नाहीत. "ते प्रकरण आम्ही काढून टाकतो," तुम्ही म्हणालात. "एका बाईने न समजता शिक्षा भोगण्यापेक्षा माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध बारीक झालेला मला चालेल." विभागात कुजबुज झाली, तुमच्या शिस्तीबद्दल मागून बोललं गेलं. तुम्ही ते माझ्यापर्यंत पोचू दिलं नाहीत. मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

पण मॅडम, एक गोष्ट तुम्ही बरोबर केली नाहीत. आजाराचं का लपवलंत? "हवापालट करायला बहिणीकडे आलेय," म्हणालात. मी तुम्हाला प्रकरणं पाठवत राहिले, तुम्ही दवाखान्यातल्या खाटेवरून दुरुस्त्या करून परत पाठवत राहिलात, आणि मी मूर्ख, दुरुस्त्या कमी आल्या म्हणून खूश होत होते! मला वाटलं, लिहायला जमायला लागलं. एकदा खरं सांगितलं असतंत, तर चिखले गावच्या किनाऱ्यावरून ताजी मासळी घेऊन आले असते. तुमच्या बहिणीच्या घरी चूल पेटवून आईने भाकरी केली असती. आम्हाला तेवढं तरी करू द्यायचं होतंत.

तुम्ही गेल्याचं सांगायला मी जानीकडे गेले होते. तिची सुटका झालीये, हे तुम्हाला फोनवर कळवलंच होतं. दिरानेच साक्षीत सांगून टाकलं, विळा मी नेला होता म्हणून. आता दोघं बांधाच्या दोन बाजूंना नांगरतात. फार बोलत नाहीत, पण भांडतही नाहीत. तुम्ही गेल्याचं ऐकून जानी म्हणाली, "ती म्हातारी बाय काय बोलली नव्हती. पण उभी रायली होती."

यंदा माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळा प्रबंध बाजूला ठेवला आणि शेवटी जोडलेलं ते छोटं टिपण उघडलं, प्रकरण का गाळलं त्याबद्दलचं. तुम्ही हट्टाने लिहायला लावलेलं! "याच्यावर बोला," म्हणाले. मी बोलत राहिले. ते ऐकत राहिले. मग पदवी मिळाली, आणि तुम्ही जिचा शब्द दिला नव्हता ती नोकरीही. आईने पेढे वाटले. तुमच्या वाटणीचा पेढा तिने देवापाशी ठेवला आणि म्हणाली, "बाईंला सांग." म्हणून सांगतेय.

पुढच्या महिन्यात मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन पहिल्यांदा तलासरीला जाणार आहे. बघायचं, ऐकायचं, लिहायचं, हे त्यांना शिकवेनच. पण मॅडम, समोरचं माणूस न समजता अडकत असेल आणि त्यांच्यापैकी कुणी उठलं, तर मी त्याला खाली बसवणार नाही. नंतर जो काही जाब विचारला जाईल, तो द्यायला मी त्याच्यासोबत जाईन. त्याला एकट्याला पाठवणार नाही. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमचीच,
सविता